मुलाच्या दोन सोनोग्राफी अहवालांत पोर्टल व्हेनविषयी परस्परविरोधी नोंदी : कोणता अहवाल ग्राह्य धरावा?

माणदेशी_पालक (प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. शाळेत झालेल्या आरोग्य तपासणीत पथकातील डॉक्टरांच्या हाताला त्याची पाणथरी (प्लीहा) लागली आणि त्यांनी पोटाची सोनोग्राफी करून घेण्यास सांगितले. त्याप्रमाणे आम्ही जवळच्या एका खासगी केंद्रात तपासणी करून घेतली. अहवालात यकृत प्राकृत, प्लीहा 13.4 सें.मी. म्हणजे वाढलेली, पोर्टल व्हेन (यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर) 8 मि.मी. व प्राकृत, पित्ताशय प्राकृत, अशा नोंदी होत्या. कुठल्या तरी संसर्गामुळे प्लीहा वाढली असावी असे सांगण्यात आले. मलेरिया आणि टायफॉइडच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही, आणि आम्ही निर्धास्त झालो.

त्यानंतर साधारण साडेतीन आठवड्यांनी त्याला ताप आला. ताप उतरला त्याच रात्री जेवणानंतर त्याला रक्ताची उलटी झाली. संध्याकाळी खाल्लेल्या बिटाचा तो रंग असावा असे आम्हांला आधी वाटले. पण दुसऱ्या उलटीत गुठळ्या दिसल्या आणि आम्ही गाडी करून तसेच साताऱ्याला निघालो. हिमोग्लोबिन 6.2 पर्यंत उतरले होते आणि दोन पिशव्या रक्त द्यावे लागले. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी फुगलेल्या शिरा आढळल्या आणि त्यांना बँड लावून रक्तस्राव थांबवण्यात आला. आता तो हिंडतो-फिरतो, जेवतो, शाळेत कधी जायचे म्हणून रोज विचारतो.

रुग्णालयात झालेल्या कलर डॉपलर (रक्तप्रवाह रंगांत दाखवणाऱ्या) सोनोग्राफीचा अहवाल मात्र पहिल्याच्या अगदी उलट आहे. त्यात असे लिहिले आहे की मुख्य पोर्टल व्हेन दिसत नाही, तिच्या जागी यकृताच्या दाराशी अनेक वाकड्यातिकड्या बारीक शिरांचे जाळे आहे, आणि हे चित्र यकृताबाहेरील पोर्टल व्हेनच्या जुन्या अडथळ्याशी सुसंगत आहे. दोन तपासण्यांमध्ये चार आठवड्यांचेही अंतर नाही. पहिल्या वेळी 8 मि.मी. असलेली शीर दुसऱ्या वेळी नाहीशी कशी होईल? मधल्या तापामुळे ती बंद पडली का? पहिली तपासणी नीट झाली असती तर हा रक्तस्राव टळला असता का? शल्यचिकित्सकांनी आता पुन्हा एक सविस्तर डॉपलर करून आणण्यास सांगितले आहे आणि चिठ्ठीवर 'डावी पोर्टल व्हेन, रेक्स रिसेस पाहावा' असे लिहिले आहे. याचा अर्थ काय, आणि तपासणीला जाताना आम्ही कोणती तयारी ठेवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बाल_रेडिओलॉजिस्ट

नमस्कार. मी आपल्या मुलाच्या प्रतिमा पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे माझे म्हणणे आपल्या डॉक्टरांच्या मताच्या जागी ठेवू नये. तरीही आपण दिलेल्या नोंदींवरून मला दुसरा अहवाल बरोबर वाटतो, आणि पहिल्या तपासणीच्या दिवशीही आजार तेथेच होता असे माझे मत आहे. याचा पुरावा पहिल्याच अहवालात आहे. आठ वर्षांच्या मुलाची प्लीहा लांबीला जास्तीत जास्त 10 सें.मी.च्या आसपास आणि दहा वर्षांच्या मुलाची 11 सें.मी.च्या आसपास असते. 13.4 सें.मी. ही प्रौढ माणसातही मोठीच म्हणावी लागेल. एवढी वाढलेली प्लीहा, प्राकृत दिसणारे यकृत आणि एरवी धडधाकट मूल, असे तिन्ही एकत्र दिसले की आपल्या देशात पोर्टल व्हेनकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहायलाच हवे, कारण यकृताबाहेरील पोर्टल व्हेनचा अडथळा हे भारतातील मुलांमध्ये पोर्टल हायपरटेन्शनचे (पोर्टल शिरांतील वाढलेल्या दाबाचे) एक अतिशय महत्त्वाचे कारण आहे.

आता 8 मि.मी.चे कोडे. प्लीहेकडून येणारी शीर आणि आतड्यांकडून वर येणारी मोठी शीर स्वादुपिंडाच्या मानेमागे एकत्र येतात आणि तेथून पोर्टल व्हेन सुरू होऊन यकृताच्या दाराशी पोहोचते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त या वाटेने जाते. ही वाट लहानपणी कधीतरी गुठळीने बंद पडली, की शरीर स्वस्थ बसत नाही. बंद शिरेच्या भोवतालच्या आणि पित्तनलिकांच्या लगतच्या अगदी बारीक शिरा फुगू लागतात आणि अडथळ्याला वळसा घालून रक्त यकृतात पोहोचवतात. या जाळ्याला कॅव्हर्नोमा म्हणतात. पडद्यावर ते काळ्या नागमोडी नळ्यांच्या गुंत्यासारखे दिसते. या गुंत्यातली एखादी शीर इतरांपेक्षा बरीच मोठी होते, ती साधारण पोर्टल व्हेनच्याच दिशेने धावते, आणि घाईत पाहणाऱ्याला तीच पोर्टल व्हेन वाटते. तिच्यावर मापाच्या खुणा ठेवल्या की 8 मि.मी. हा आकडा मिळतो. दहा वर्षांखालील मुलांत पोर्टल व्हेनचा सरासरी व्यास साडेआठ मि.मी.च्या आसपास असल्याने तो आकडा पाहून कोणालाही शंका येत नाही. आपल्या बाबतीत असेच घडले असण्याचा संभव मला सर्वांत जास्त वाटतो. याच गुंत्याला फुगलेल्या पित्तनलिका समजण्याची चूकही होते. साध्या काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत दोन्ही काळ्या नळ्याच असतात. रंग लावला की रक्तवाहिनी रंगते आणि पित्तनलिका काळीच राहते.

म्हणून या आजारात डॉपलरला पर्याय नाही. निरोगी पोर्टल व्हेनमधील प्रवाह यकृताकडे जाणारा असतो आणि श्वासाबरोबर व हृदयाच्या ठोक्याबरोबर त्याचा आलेख हलकेच वर-खाली होतो. कॅव्हर्नोमातील प्रवाहही बहुधा यकृताकडेच जाणारा असतो, पण तो मंद आणि सपाट असतो. केवळ दिशा बरोबर आहे एवढ्यावरून समाधान मानणे त्यामुळे धोक्याचे ठरते. उलट बाजूची चूकही तितकीच खरी आहे : ध्वनिलहरी शिरेला काटकोनात लागल्या, किंवा यंत्राची वेगमर्यादा वरच ठेवली गेली, तर चांगल्या उघड्या शिरेतही रंग दिसत नाही आणि ती बंद असल्याचा निष्कर्ष निघतो. वेगमर्यादा व फिल्टर खाली आणून, कोन 60 अंशांच्या आत ठेवून, दोन वेगवेगळ्या दिशांनी पाहिल्याशिवाय 'प्रवाह नाही' असे लिहू नये. ताज्या गुठळीविषयीही एक सांगायला हवे. ती पहिल्या दिवसांत रक्ताइतकीच काळी दिसू शकते. शीर त्या वेळी आक्रसलेली नसते, उलट फुगलेली असते, आणि केवळ रंग भरत नाही म्हणून ती पकडली जाते.

तापामुळे महिन्याभरात शीर बंद पडली असेल का, असे आपण विचारले आहे. जाळे तयार होण्यास गुठळीनंतर काही आठवडेही पुरतात, हे खरे. परंतु 13 सें.मी.च्या पुढे गेलेली प्लीहा आणि रक्तस्राव होण्याइतक्या फुगलेल्या अन्ननलिकेतील शिरा या महिनोन्महिने, बहुधा वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाच्या खुणा आहेत. या मुलांत ताप किंवा सर्दी-खोकल्याच्या पाठोपाठ रक्तस्राव होणे मात्र नेहमीचे आहे. तापाने आजार निर्माण केला नाही, त्याने असलेला आजार बाहेर आणला. तापात कोणते औषध दिले होते ते अवश्य आठवून पाहा. आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन ही औषधे या मुलांना देऊ नयेत. पुढे कधीही ताप आला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटॅमॉलच द्यावे.

मूळ गुठळी केव्हा आणि का झाली, हे पुष्कळदा कळत नाही. जन्मानंतर नाळेला झालेला संसर्ग, नाळेच्या शिरेतून घातलेली नळी, तान्हेपणी झालेले तीव्र जुलाब व शुष्कता, पोटातील संसर्ग, अशी कारणे विचारली जातात, आणि बऱ्याच मुलांत यांपैकी काहीही सापडत नाही. रक्त गोठण्याच्या दोषांच्या तपासण्याही करतात. पण यकृताला पोर्टल रक्त कमी मिळत असले की प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन या गुठळी रोखणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण त्यामुळेच खाली आलेले असू शकते, म्हणून तो आकडा पाहून जन्मजात दोषाचा शिक्का लगेच मारू नये.

आता चिठ्ठीवरील शब्दांविषयी, कारण मला वाटते आपल्या पुढच्या वाटचालीत सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. यकृतात शिरल्यावर डावी पोर्टल व्हेन पुढे वळते आणि नाळेच्या जुन्या शिरेचा अवशेष तिला जेथे येऊन मिळतो, त्या खाचेला शरीररचनाशास्त्रज्ञ ह्यूगो रेक्स यांच्या नावावरून रेक्स रिसेस म्हणतात. बाहेरची पोर्टल व्हेन बंद असली तरी हा आतला भाग काही मुलांत उघडा राहिलेला असतो. 1992 साली जाँ द व्हिल द ग्वाये यांनी आतड्यांकडील शीर एका दुसऱ्या शिरेच्या तुकड्याने, बहुधा मानेतल्या शिरेने, थेट या खाचेतील शिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. प्रथम ती यकृत प्रत्यारोपण झालेल्या मुलात केली गेली आणि नंतर आपल्या मुलासारख्या रुग्णांत होऊ लागली. इतर शंट शस्त्रक्रिया यकृताला वगळून रक्त दुसरीकडे वळवतात, ही मात्र ते रक्त पुन्हा यकृतात नेते. ती शक्य आहे की नाही, याची पहिली चाचपणी सोनोग्राफीतच होते. रक्त कमी मिळाल्यामुळे ही शीर अवघी दोन-तीन मि.मी. इतकी बारीक असू शकते, त्यामुळे वेळ देऊन, उच्च फ्रिक्वेन्सीच्या प्रोबने ती शोधावी लागते. आणि डॉपलरवर ती दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असेही धरू नये. शंका राहिली तर यकृताच्या शिरांतून उलट्या दिशेने औषध सोडून काढलेल्या चित्रात ती दिसू शकते.

अखेरचा प्रश्न रक्तस्राव टळला असता का, हा. निदान आधी झाले असते तर एन्डोस्कोपी आधी झाली असती आणि मोठ्या शिरांना बँड लावता आले असते. म्हणून 'टळू शकला असता' असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. आम्हा रेडिओलॉजिस्टांना 'पोर्टल व्हेन दिसली नाही' असे लिहिण्याचा संकोच वाटतो, जणू ती आमच्या कौशल्यातील उणीव आहे. मुलांच्या तपासणीत ती न दिसणे हेच कित्येकदा निदान असते आणि ते तसेच लिहिले गेले पाहिजे.

तालुका_सोनोलॉजिस्ट

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफी करतो, म्हणून तयारीविषयी आणि प्रत्यक्ष तपासणीविषयी थोडे लिहितो.

नऊ वर्षांच्या मुलाला चार ते सहा तास उपाशी ठेवावे, सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. पोट भरलेले असले की आतड्यांतील वायू स्वादुपिंडामागचा भाग झाकतो, पित्ताशय आकुंचन पावते, आणि जेवणानंतर पोर्टल प्रवाहही वाढलेला असल्याने मोजमापांची तुलना करता येत नाही. तान्ह्या बाळाला इतका वेळ उपाशी ठेवू नये. एक पाजणे लांबवले तरी पुरते, आणि यकृताचा भाग पाहून झाल्यावर बाळाला पाजता पाजता उरलेली तपासणी शांतपणे होते. रडणाऱ्या बाळात डॉपलरचा आलेख मिळत नाही, हे माझ्या अनुभवात सर्वांत मोठे अडथळ्याचे कारण आहे. जेल कोमट करून घेतले तर निम्मे रडणे तेथेच थांबते.

मी स्वतः तपासणी यकृताच्या दारापासून सुरू करत नाही. मी प्लीहेपासून निघतो. डाव्या बाजूने प्लीहेची शीर पकडायची, स्वादुपिंडाच्या मागून तिच्याबरोबर उजवीकडे यायचे, आतड्यांकडील शीर तिला मिळते ती जागा पाहायची, आणि मग पुढे काय होते ते पाहायचे. निरोगी मुलात शीर सरळ यकृताच्या दाराकडे जाते. या आजारात ती त्या संगमाच्या पुढे एकाएकी संपते आणि तेथून गांडुळांचा पुंजका सुरू होतो. जो याप्रमाणे शिरेचा माग काढत येईल, तो एखाद्या फुगलेल्या बारीक शिरेला पोर्टल व्हेन समजणार नाही, कारण मूळ शीर कुठे तुटली हे त्याने पाहिलेले असते. त्यानंतर मुलाला थोडे डाव्या कुशीवर वळवून उजव्या बरगड्यांच्या फटीतून पाहिले की डॉपलरसाठी कोन चांगला मिळतो.

पालकांनी एक गोष्ट आवर्जून करावी. चिठ्ठीवर फक्त 'पोटाची सोनोग्राफी' असे लिहिलेले असेल तर त्यावर 'रक्ताची उलटी झाली आहे, प्लीहा मोठी आहे, स्प्लिनोपोर्टल डॉपलर (प्लीहेची शीर व पोर्टल व्हेन यांचे) हवे' असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. दिवसाला पन्नास रुग्ण पाहणाऱ्या माणसाच्या हाती हे एक वाक्य पडले तर त्याची नजर बदलते. मी हे इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. 'पोट दुखते' एवढीच चिठ्ठी घेऊन आलेल्या एका मुलीच्या बाबतीत माझ्याकडूनही ही शीर सुटली होती, आणि तिचा दुसरा अहवाल मला पाठवण्यात आला तेव्हापासून मी प्लीहेपासून सुरुवात करू लागलो.

विदर्भकन्या

माझे वय आता चोवीस आहे. मला हाच आजार असून पहिला रक्तस्राव सहाव्या वर्षी झाला. बाराव्या वर्षी माझी शंट शस्त्रक्रिया झाली. रेक्सची जागा माझ्या बाबतीत उघडी नव्हती, म्हणून प्लीहा न काढता तिच्या शिरेचे टोक डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जोडण्यात आले. त्यानंतर रक्तस्राव झालेला नाही. आपल्या मुलाला सध्या काय वाटत असेल हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

शस्त्रक्रियेनंतरही सोनोग्राफी संपत नाही, पण तिचा रोख बदलतो. माझ्या दर वर्षीच्या डॉपलरमध्ये जोड उघडा आहे का, त्यातून रक्त मूत्रपिंडाच्या शिरेकडे वाहते आहे का, आणि प्लीहा पूर्वीपेक्षा लहान झाली आहे का, हे पाहतात. जोडाची जागा आतड्यांच्या वायूमुळे पुष्कळदा थेट दिसत नाही. मग डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत वाढलेला प्रवाह आणि प्लीहेचे घटलेले माप यांवरून अंदाज घेतात. म्हणून आधीचे आकडे हाताशी असणे फार महत्त्वाचे आहे. माझ्या वडिलांनी एका दोनशे पानी वहीत तारीख, प्लीहेची लांबी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि माझी उंची असे रकाने पाडले होते. उंचीचा रकाना मला त्या वेळी निरर्थक वाटायचा. या आजारात मुलांची वाढ मागे पडते, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना डॉक्टरांनी तोच रकाना सर्वांत आधी पाहिला होता.

दुसरी गोष्ट पित्ताची. कॅव्हर्नोमातील शिरा पित्तनलिकांना चिकटून असतात आणि काही वर्षांनी त्यांचा दाब नलिकांवर पडू शकतो. आपल्या मुलाच्या प्रत्येक सोनोग्राफीत पित्तनलिकांचा व्यास आणि पित्ताशयाच्या भिंतीतील शिरा यांची नोंद व्हायला हवी. रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज वाढले, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे झाले, तर एमआरसीपी (पित्तनलिकांची एमआरआय तपासणी) करतात. मला विसाव्या वर्षी पित्तखडे झाले तेव्हा दुसऱ्या गावातील एका रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची तारीखही ठरली होती. जुना डॉपलर अहवाल वडिलांनी टेबलावर ठेवला, त्यातील पित्ताशयाच्या भिंतीत फुगलेल्या शिरा असल्याची ओळ सर्जननी वाचली, आणि ती तारीख रद्द करून मला माझ्या मूळ डॉक्टरांकडे पाठवले. त्या शिरांना कात्री लागली असती तर काय झाले असते, हे मला नंतर समजावून सांगण्यात आले.

मुलाला शाळेत जाऊ द्या. प्लीहा मोठी असेपर्यंत कबड्डी, कुस्ती आणि पोटावर मार बसेल असे खेळ टाळावे लागतात. माझ्यासाठी धावणे चालत होते.

नवजात_परिचारिका

याच विषयाला धरून एक विचारायचे आहे. मी नवजात अतिदक्षता विभागात काम करते. कमी वजनाच्या बाळांना नाळेच्या शिरेतून नळी घालावी लागते. यामुळे पुढे हा आजार होतो असे वर वाचले. अशा प्रत्येक बाळाची डॉपलर करून घ्यावी का?

बाल_रेडिओलॉजिस्ट

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. नाळेची शीर थेट डाव्या पोर्टल व्हेनला मिळते, त्यामुळे अशा बाळांत गुठळी मुख्यतः डाव्या शाखेत आढळते. त्यांपैकी पुष्कळ गुठळ्या आपोआप विरतात. मुख्य शीर पूर्ण बंद झाली असेल, किंवा नळीचे टोक यकृतातच राहून गेले असेल, तर धोका वाढतो. म्हणून टोक यकृताच्या वर, हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी आहे ना, हे पाहणे आणि नळी गरजेपेक्षा एकही दिवस जास्त न ठेवणे हे सर्वांत मोलाचे. नळी बराच काळ राहिली, नाळेला संसर्ग झाला, किंवा प्लेटलेट विनाकारण उतरले, तर मी डॉपलर अवश्य करतो आणि गुठळी सापडल्यास ती विरेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहतो. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर 'नाळेच्या शिरेतून नळी, इतके दिवस' एवढे तरी लिहावे. सहा-सात वर्षांनी प्लीहा वाढलेले मूल माझ्यासमोर येते तेव्हा त्याच्या आईला ते आठवत नाही आणि कार्डावर काही नसते.

अशाच अनुषंगाने आणखी एक नोंदवतो. पोर्टल व्हेन दिसत नाही, पण प्लीहा वाढलेली नाही, जाळेही नाही, असे चित्र दिसले तर आजार निराळा असतो. काही मुलांत जन्मतःच आतड्यांकडील रक्त यकृताला वगळून थेट मोठ्या शिरेत जाते. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन अॅबर्नेथी यांनी 1793 साली दहा महिन्यांच्या एका बालिकेच्या शवविच्छेदनात अशी रचना वर्णिली होती, आणि तिला आजही त्यांचेच नाव आहे. या मुलांत रक्ताची उलटी सहसा होत नाही; रक्तातील वाढलेला अमोनिया, अभ्यासात मागे पडणे, धाप लागणे किंवा यकृतातील गाठी अशा वाटेने ती येतात. तेथे गुठळी शोधत बसू नये, रक्त कोणत्या वाटेने निसटते ते शोधावे, कारण ती वाट बंद करणे पुष्कळांत शक्य असते.

माणदेशी_पालक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मी मनापासून आभारी आहे. तापात दिलेल्या औषधाची बाटली घरी शोधली. त्यात पॅरासिटॅमॉलबरोबर आयबुप्रोफेनही होते. ती बाटली मी फेकून दिली आहे आणि घरातल्या सर्वांना त्या औषधाचे नाव लिहून दिले आहे.

काल सकाळी उपाशीपोटी सविस्तर डॉपलर झाली. चिठ्ठीवर आपण सुचवलेले वाक्य डॉक्टरांकडून लिहून घेतले होते. तपासणीला पंचेचाळीस मिनिटे लागली. डॉक्टरांनी मला पडद्याजवळ बोलावून प्लीहेची शीर कुठून येते आणि कुठे संपते ते दाखवले. संगमानंतर निळ्या-तांबड्या ठिपक्यांचा गुंता मला स्वतःला दिसला. पहिल्या केंद्रातील छापील प्रतिमाही मी बरोबर नेली होती. तिच्यावर मापाच्या दोन खुणा ज्या नळीवर ठेवल्या होत्या, ती त्याच गुंत्यातली सर्वांत जाड शीर असल्याचे त्यांनी दोन्ही प्रतिमा शेजारी धरून दाखवले.

नवीन अहवालातील नोंदी अशा आहेत : प्लीहेची शीर व आतड्यांकडील शीर दोन्ही उघड्या, मुख्य पोर्टल व्हेनच्या जागी कॅव्हर्नोमा, रेक्स रिसेसमधील डावी पोर्टल व्हेन सुमारे 3 मि.मी., तिच्यात मंद प्रवाह, उजव्या शाखेशी सलग, पित्ताशयाच्या भिंतीत फुगलेल्या शिरा, पित्तनलिका फुगलेल्या नाहीत, प्लीहा 13.1 सें.मी. शल्यचिकित्सकांनी डाव्या शाखेची ओळ दोनदा वाचली, मुलाच्या मानेतील शिरांचीही सोनोग्राफी करून ठेवण्यास सांगितले आणि सीटी पोर्टोग्राफीसाठी (पोर्टल शिरांच्या सीटी तपासणीसाठी) पुढच्या आठवड्यातील मंगळवार दिला आहे. दुसऱ्यांदा बँडिंगही त्याच भेटीत करणार आहेत. वही आणली आहे. उंचीचा रकाना शाळेच्या जुन्या आरोग्यपत्रकांवरून पहिलीपासून भरून काढतो आहे.